आश्विनातले अंगण



दसरा-दिवाळीच्या अंगणाचा विचार श्रावणातच करावा, असे या सदरात सांगितले तर काही मंडळी हसतील. हसू द्या. झेंडूचे रोप आठ दिवसांत फुलत नाही, आणि पावसाळाभर दारापुढे साचलेले पाणी सणाच्या आदल्या दिवशी खराट्याने सारून जात नाही. आश्विन उजाडला की सोयाबीनची काढणी अंगावर येते, तिच्या मागून कापसाची वेचणी आणि त्याच सुमारास रब्बीची पेरणी. या गर्दीत अंगणाकडे बघायला सवड कोणाला? मग घरची बाई दिवसभर रानात राबून रात्री दहाला कंबर धरून सारवते, आणि कारभारी ऐन सणाच्या सकाळी बाजारात जाऊन, भाव ऐकून, चिडून, पावशेर फुले घेऊन परततो.

यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. उभे सोयाबीन पाण्यात गेले, नदीकाठच्या काही रानांतली तर मातीच वाहून गेली. त्या दिवसांत आष्टी भागात फिरत असता बांधावर भेटलेल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, औंदा कशाचा दसरा अन् कशाची दिवाळी! पर दार भुंडं कसं ठिवावं?" आणि बोलता बोलता त्या तरवडाचे फुललेले फाटे मोडून पदरात घेत होत्या. पीक गेले तरी दार भुंडे ठेवायचे नाही, ही आपल्या घरांची रीत आहे. मग त्या दाराची शोभा बाजारातून विकत आणण्यापेक्षा आपल्याच बांधावर कशी उगवेल, एवढेच या लेखात पाहू.

शहरातल्या मासिकांतून या दिवसांत घर सजवण्याची रंगीत चित्रे येतात. रंगीत कुंड्या, वेताच्या खुर्च्या, विजेच्या माळा. ते चित्र आपल्या अंगणाला लागू पडत नाही. आपले अंगण आश्विनात अर्धे खळे असते. एका कडेला सोयाबीनची पोती, दुसरीकडे कापसाची गाठोडी, मधे ट्रॉली, कोपऱ्यात दोन शेळ्या. जी सजावट या कामाच्या आड येते ती दोन दिवसही टिकत नाही. अमेरिकेत शरदात झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळतात, आणि त्या सुमारास तिथे दारापुढे भोपळे मांडतात व खांबाला मक्याची वाळलेली ताटे बांधतात. म्हणजे तिथली रीतही मूळची शेतातूनच आलेली. आपल्या शरदात पाने गळत नाहीत. उलट तेव्हाच बांध भरून हिरवे असतात आणि अर्धा बांध फुललेला असतो.

आधी साफसफाईचे पाहू, कारण घाणीवर घातलेली रांगोळी शोभत नाही. घराभोवती गाजर गवत माजले असेल तर ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातात मोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. पुष्कळांना त्याने खाज सुटते, काहींना दमा होतो. हे गवत आपले नव्हे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि तेथून ते देशभर पसरले. पावसाळ्यात त्यावर पांढरट अंगाचे, काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगे होत. ते गाजर गवताची पाने खातात, पिकाला त्रास देत नाहीत. परभणीचे आपले कृषी विद्यापीठ हे भुंगे शेतकऱ्यांना देत आले आहे. हिवाळ्यात ते मातीत दडून बसतात, तेव्हा दिसले नाहीत म्हणून मेले असे समजू नये.

भिंतीला टेकवून ठेवलेल्या विटा, जुने पत्रे, गोवऱ्यांचा ढीग, सरपण, हे सारे घरापासून दहा-पंधरा पावले दूर न्या. या अडगळीत उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. सोयाबीन काढले की रान उघडे पडते, साप गावाकडे सरकतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दुखतही फारसे नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. कोजागिरीला अंगणात झोपायची हौस असेल तर बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. साप चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता, धीर देत, सापाची लस जिथे असेल त्या सरकारी दवाखान्यात गाडीवर घेऊन जा.

हल्ली टायर रंगवून त्यात फुलझाडे लावायची टूम निघाली आहे. दिसायला ठीक दिसते. पण टायरच्या पोटात पावसाचे पाणी साचते आणि डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. टायर लावायचेच असेल तर खालच्या बाजूला चार भोके पाडा आणि काठोकाठ माती भरा. रांजण आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावेत.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कीटकनाशकाचे रिकामे डबे आणि बाटल्या फुलझाडाला, पणतीच्या तेलाला किंवा रांगोळीचा रंग ठेवायला वापरू नका. कितीही वेळा धुतला तरी तो डबा विषाचाच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. डबा रिकामा झाला की तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, आणि डब्याला भोके पाडा, म्हणजे त्याचा दुसरा उपयोगच कोणाला करता येणार नाही.

आता जमिनीचे. पुष्कळ घरांपुढे अंगणभर सिमेंट किंवा गट्टू आले आहेत. पावसाळ्यात चिखल होत नाही, सोयाबीन वाळवता येते, ही सोय मी नाकारत नाही. पण सगळेच्या सगळे अंगण झाकून टाकू नये, असे माझे मत आहे. वृंदावनाभोवती आणि लिंबाच्या बुंध्याभोवती दोन-दोन हात माती उघडी ठेवा. झाडाच्या मुळांना पाणी मिळते, चैतात अंगण तव्यासारखे तापत नाही, आणि सारवायला, रांगोळी काढायला मातीची जागा उरते. सिमेंटवर शेणाचा सडा टिकत नाही, पापुद्रे निघतात, हे बायकांना सांगायला नको. मातीचे अंगण असेल त्यांनी पाऊस उघडताच खळगे मुरमाने भरून, घराकडून बाहेर उतार देऊन, पाणी मारून चोपून घ्यावे. चोपण्याचे काम पुरुषांनी करावे. सारवणे-पोतारणे बाईने करायचे ते करायचेच, वर धुमसही तिनेच उचलायची, हे बरे नव्हे.

न्हाणीचे पाणी अंगणातून वाहत असेल तर ते आधी आवरा. शोषखड्डा करता आला तर उत्तम. नाही तर एक चर काढून ते पाणी परसात न्या आणि चराच्या दोन्ही काठांना झेंडू लावा.

झेंडूवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सणाच्या अंगणाचा निम्मा भार तोच उचलतो. घरापुरत्या फुलांना किती झाडे लागतात याचा हिशेब कोणी करत नाही. मध्यम फूल दोन बोटांपेक्षा थोडे रुंद. हातभर लांबीच्या घट्ट ओवलेल्या माळेला दहा-बारा फुले लागतात. दाराचे तोरण, देव्हारा, वृंदावन, ट्रॅक्टर, बैल, विहिरीवरची मोटार असे सगळे धरले तरी पंधरा-वीस निगेची झाडे एका घराला दसरा-दिवाळी पुरून उरतात. एवढी झाडे दहा हात बांधावर बसतात.

रोप महिन्याचे झाले की लावावे. दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवावे, टोपलीभर कुजलेले शेणखत चार-पाच झाडांत वाटून द्यावे. लावल्यापासून साधारण पन्नास ते साठ दिवसांत फुले सुरू होतात. आता पंचांग काढा. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे तो २० ऑक्टोबरला येतो आणि दिवाळी नोव्हेंबरात जाते. म्हणजे सण जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकतो. जो शेतकरी तारखेवर लावतो त्याची फुले अशा वर्षी सणाआधीच फुलून जातात. जो तिथीवरून दिवस मागे मोजतो त्याची नेमकी दसऱ्याला येतात. दसऱ्याच्या दोन महिने आधी एक लावण आणि पंधरा दिवसांनी दिवाळीसाठी दुसरी लावण, असे केले की झाले. रोप रुजून तीन-चार आठवडे झाले की शेंडा खुडावा. बगलफूट होऊन फुले वाढतात. मात्र शेंडा खुडल्याने बहर थोडा लांबतो, म्हणून उशिराच्या लावणीचा शेंडा खुडू नये. खुडलेला शेंडा फेकू नका. खालची पाने काढून ओल्या सावलीच्या जागी खोचला तर त्याला मुळे फुटतात आणि फुकटचे रोप मिळते.

टोमॅटो लावणाऱ्यांना झेंडूचा आणखी एक उपयोग आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांकडे ओढला जातो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ अशी पद्धत सांगितली आहे. त्यात लावताना टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे आणि झेंडूचे ४५ दिवसांचे असते, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात. कापसाच्या कडेलाही झेंडू लावतात, तो हिरव्या बोंडअळीसाठी. गुलाबी बोंडअळीला मात्र तो फसवत नाही, तेव्हा झेंडू लावला म्हणून कामगंध सापळे लावायचे राहू देऊ नका. आणि ज्या ओळीवर फवारा गेला आहे त्या ओळीची फुले तोरणाला तोडू नका. माळ ओवताना बाया दोरा दातात धरतात, लेकरे फुले कुस्करतात, आणि तोरण उतरले की शेळी ते खाते. तोरणाची झाडे फवारणीपासून दूर, परसातच असावीत.

मागच्या वर्षी झेंडूला भाव होता म्हणून यंदा एकरभर लावू, असे कोणी म्हणाले तर मी त्याला दोनदा विचार करायला सांगतो. हा माल दोन दिवसांचा. त्या दोन दिवसांत सगळीकडची फुले एकदम बाजारात आली की भाव बसतो, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेली फुले रस्त्याकडेला टाकून माणसे रिकाम्या गाड्या घेऊन घरी जातात. घरापुरता लावा, चार पायल्या उरला तर शेजारी द्या.

झेंडू नसला तरी अंगण अडत नाही. तरवड तर नवरात्रात बांधोबांधी पिवळा असतो आणि घटाला त्याची माळ आपल्याकडे पूर्वापार चालते. कारळाचे चार तास पेरले असतील तर त्याची पिवळी फुले त्याच दिवसांत येतात. परसात तेरडा, गुलबक्षी; थोडे पुढे शेवंती. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरते, म्हणून ती दिवाळीच्या आगेमागे फुलते. आणि सोयाबीनमधला कुरडू! त्याचे गुलाबी-पांढरे तुरे सुकले तरी रंग बराच टिकतो. कोकणात या दिवसांत दारावर 'नवे' बांधतात. त्यात भाताची लोंबी, नाचणीचे कणीस आणि आंब्याच्या पानांबरोबर हा कुरडूही मानाने असतो. आपण बाजरीची किंवा ज्वारीची चार कणसे, कुरडूचे तुरे आणि आंब्याची पाने एकत्र बांधली तर तसेच देखणे दार होते. बी गळण्याआधी कुरडू काढला गेला तर पुढच्या वर्षीची खुरपणीही तेवढी कमी होते.

आपट्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. सोने म्हणून जे बाजारात येते त्यात पुष्कळदा कांचनाची पाने असतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचे मोठे आणि पातळ. त्या एका दिवसासाठी फांद्याच्या फांद्या तोडून झाड बोडके करतात आणि दुसऱ्या दिवशी पाने पायदळी जातात. गावाच्या शिवेवर किंवा आपल्या धुऱ्यावर आपट्याची दोन रोपे लावा. हे झाड काटक आहे, हलक्या जमिनीतही येते, त्याच्या सालीचा वाख दोराला चालतो. आणि सोने लुटायचे तर एका घराने एक डहाळी आणावी.

आता घट. पत्रावळीवर रानातली काळी माती, मधे पाण्याचा घट, आणि मातीत पाच-सात तऱ्हेचे धान्य. नऊ दिवसांनी उगवलेले तुरे दसऱ्याला टोपीत आणि फेट्यात खोवतात. पूजेच्या जागी पूजा आहेच; पण शेतकी खात्याच्या माणसाला यात बियाण्याची उगवण तपासण्याची युक्तीही दिसते, आणि ती रब्बीच्या तोंडावर येते. मात्र घटात मूठभर धान्य टाकले तर किती पडले आणि किती उगवले हे कळत नाही. म्हणून घराच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून वेगळे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि सात-आठ दिवसांनी मोजा. प्रमाणित बियाण्याला ज्वारीची उगवण निदान ७५, करडईची ८० आणि हरभरा-गव्हाची ८५ टक्के लागते. तुमच्या ज्वारीचे ६० च दाणे उगवले तर एकरी चार किलोऐवजी पाच किलो बी लागेल, हा सरळ हिशेब. निम्मेही उगवले नाहीत तर ते बी दळायला पाठवा.

येथेही अधिक महिन्याचे लक्षात ठेवा. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या दरम्यान व्हावी लागते. २०२६ साली घट ११ ऑक्टोबरला बसतात. त्यांच्या उगवणीची वाट पाहत बसलात तर पेरणीचा वाफसा निघून जाईल. अशा वर्षी गोणपाटाची चाचणी गणपतीच्या दिवसांत उरकावी. घटात टाकायला नेहमी घरचे, औषध न लावलेले धान्य घ्यावे. दुकानातले रंगीत बियाणे घटात टाकू नये आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नये. ज्वारीच्या बियाण्याला काणीसाठी गंधक चोळायचे ते चाचणी झाल्यावर, पेरणीच्या वेळी. किलोला चार ग्रॅम, ३०० मेशचे.

दिवाळीत आपल्याकडे अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात आणि पाडव्याला पांडव. झेंडूच्या पाकळ्या आणि कुरडूचे तुरे खोवलेल्या त्या गवळणींपुढे बाजारातली कोणतीही शोभेची वस्तू फिकी वाटते, असे मला तरी वाटते. हल्ली मुलींना त्या करता येत नाहीत. आजीच्या हाताखाली एका दिवाळीत शिकून होतात.

दिव्यांचे थोडक्यात सांगतो. पणत्या देवळीत, वृंदावनात आणि उंबऱ्यावर लावा. कडब्याच्या गंजीपासून, कापसाच्या गाठोड्यांपासून आणि सोयाबीनच्या भुसापासून त्या लांब ठेवा. फटाके तर त्याहून लांब. कापसाच्या गाठोड्यात पडलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि मध्यरात्री पेट घेते. विजेची माळ लावाल तर तिची तार पत्र्यावरून ओढू नका. तार कुठे सोललेली असली तर सगळा पत्रा भारतो. आकडा टाकून रोषणाई करणाऱ्याला मी काय सांगू? वायरमन सांगेल.

सण संपला की उतरवलेली तोरणे, माळा आणि पत्रावळीची माती नदीत किंवा विहिरीत टाकू नका. दोरा आणि प्लॅस्टिक काढून ती खताच्या खड्ड्यात घाला. त्याआधी बांधावरच्या झेंडूंपैकी जी दोन-तीन झाडे सर्वांत टपोरी आणि निरोगी असतील त्यांना चिंधी बांधून ठेवा आणि त्यांची फुले तोडू नका. फूल झाडावरच पूर्ण सुकले की खुडा, सावलीत आठ दिवस पसरा, काळे टोकदार बी पाकळ्यांपासून वेगळे करा. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही, गावरान झेंडूचे येते. ते कागदाच्या पुडीत बांधून वर वाण आणि महिना लिहा, आणि पुडी उंदराला लागणार नाही अशा कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या हंगामात दसऱ्याची तिथी पाहून तीन महिने मागे मोजले की बी टाकायचा दिवस निघतो.